बाहेरगावी गेलेलं पाणी

आमचे भूगोलाचे सर चष्मा शोधायला लागले की सगळी स्टाफरूम कामाला लागायची. कारण ते नुसतं 'चष्मा कुठंय' असं म्हणत नसत. 'टेबलाच्या वायव्येला ठेवला होता, कुणी सरकवला?' असं विचारत. मग मराठीच्या मॅडम खिडकीतून सूर्य बघायच्या, पीटीचे सर दोन्ही हात पसरून उभे राहायचे, आणि वायव्य सापडेपर्यंत मधली सुट्टी संपायची. चष्मा बहुतेक वेळा सरांच्याच खिशात निघे.

डावं-उजवं हे शब्द त्यांनी टाकून दिले होते. 'डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं, मॅडम. उत्तर दिशा आपल्या जागेवर असते,' असं त्यांचं म्हणणं. ते ऐकायला बरं वाटतं. पण रिक्षावाल्याला 'पुढच्या चौकातून आग्नेयेला घ्या' सांगणाऱ्या माणसाबरोबर उशीर झालेला असताना प्रवास करून बघा. एकदा आम्ही शिक्षणाधिकारी कार्यालयात जायला निघालो आणि कापूस बाजारात पोचलो. सर म्हणाले, 'दिशा बरोबर होती, रस्ताच चुकीचा बांधलाय.'

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. माहेर एरंडोलचं, बोलणं तिखट. आम्ही कधी घरी गेलो की चहाचा ट्रे ठेवता ठेवता त्या सांगायच्या, 'यास्ना डोकामा बठ्ठा वारा भरेल शे. आणि तोही नैर्ऋत्येकडचा.' सर यावर खूश व्हायचे. बायकोला दिशा बरोबर आली, एवढंच त्यातलं त्यांच्या कानात शिरायचं.

मी मूळची जळगावच्या पूर्वेकडची, केळीच्या पट्ट्यातली. आमच्याकडे विहिरीला पाणी, पाटाला पाणी आणि पाण्याबद्दल फार कुणी बोलत नाही. लग्न होऊन धुळ्यात आले आणि शिंदखेड्याच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गणिताची नोकरी मिळाली. रोज जाऊन-येऊन. सरही धुळ्याचेच, त्यामुळे सकाळी एकाच एसटीला आमची गाठ पडे. सर आधी येऊन जागा धरून ठेवत, आणि मी चढले की मागच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, 'मॅडम, पश्चिमेच्या खिडकीशी बसा. पूर्वेला ऊन आहे.' इथवर ठीक. पण रस्ता वळला, ऊन आमच्या अंगावर आलं की सर उठत आणि आम्हा दोघांना पलीकडच्या बाकावर हलवत. पुढच्या वळणाला पुन्हा अलीकडे. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, 'सर, तिकीट एकच सीटनं शे ना!'

'तिकीट शिंदखेड्याचं आहे,' सर म्हणाले. 'सीटचं कुठं लिहिलंय, दाखवा.'

कंडक्टरनं तिकीट नीट वाचून बघितलं. खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं.

याच गाडीत मी त्यांचं ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं. फेब्रुवारी संपत आला होता. गाडी पुलावरून चालली होती आणि पुढच्या बाकावरचे एक म्हातारे आबा खाली बघून शेजाऱ्याला म्हणाले की नदी यंदा लवकर कोरडी पडली. सरांनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

'आबा, नदी कोरडी नाही. पाणी बाहेरगावी गेलंय.'

आबांनी वळून सरांना वरपासून खालपर्यंत बघितलं. 'मंग कव्हय येई?'

'जुलैत. फार तर ऑगस्टात.'

'कागद वगैरे धाडेल शे का त्यानी?' आबांनी विचारलं, आणि अख्खी गाडी हसली. सरही हसले. असं कुणी त्यांची फिरकी घेतली की तो दिवस त्यांना चांगला जायचा.

आता हे वाक्य ज्या शब्दावरून आलं त्याबद्दल.

इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकात वाळवंटाच्या धड्यात एक शब्द येतो, वादी. शब्द अरबी. एरवी कोरडं, पाऊस पडला की वाहणारं नदीचं पात्र, असा त्याचा अर्थ. इंग्रजांनी तो अरबांकडून घेतला आणि तसाच ठेवला. पुस्तकात त्याला एक ओळ आहे. बाकीचे शिक्षक ती ओळ वाचतात, मुलं खाली रेघ मारतात, धडा पुढं सरकतो. आमचे सर या एका ओळीला तीन तास घेत.

मला हे माहीत असण्याचं कारण असं की नववीच्या वर्गाला लागूनच माझा आठवीचा वर्ग होता आणि मधे विटांची भिंत नसून पत्र्याचं पार्टिशन होतं. माझी मुलं समीकरणं सोडवायची आणि आम्ही सगळेजण वादी ऐकायचो.

'इंग्रजांना हा शब्द उसना का घ्यावा लागला?' सर पलीकडून विचारायचे. 'कारण त्यांच्याकडे बारा महिने पाऊस. त्यांच्या नद्या सुट्टीवर जात नाहीत. अरबांच्या देशात गेले तेव्हा बघितलं, हे काय, नदी आहे आणि पाणी नाही! आपल्या भाषेत याला शब्दच नाही. मग घेतला त्यांचा. बरं, आता सांगा, मराठीत याला शब्द काय?'

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. माझ्या वर्गातल्या एक-दोघांनीही पेन खाली ठेवलेलं.

'नाही ना सापडत? कारण आपल्याला लागलाच नाही. आपल्याकडे सगळ्याच अशा. आपण तिला नदीच म्हणतो. वेगळा शब्द त्याला लागतो, ज्याच्याकडे दुसऱ्या तऱ्हेची असते.'

हे मात्र मला पटलं होतं. मी पत्र्याच्या अलीकडे उभी राहून मान हलवली आणि मग आठवीला ओरडले, पेनं उचला म्हणून.

तिसऱ्या तासाला सर मोबाईल घेऊन जात. त्यांचा एक जुना विद्यार्थी ओमानात डंपर चालवतो. त्यानं एक व्हिडिओ पाठवला होता. निळं स्वच्छ आभाळ, आणि समोरच्या रस्त्यावरून चहाच्या रंगाचं पाणी धावतंय. दोन्हीकडे थांबलेल्या गाड्या. मागून त्याचा आवाज, 'सर, हाई दखा! काल आठे रेती व्हती, आज दखा! आणि बोर्ड दखा, तुमनाच शब्द!' कॅमेरा वळतो, आणि रस्त्याकडेच्या पाटीवर अरबीखाली इंग्रजीत तोच शब्द. त्या पाटीवर सर व्हिडिओ थांबवत आणि मोबाईल बाकाबाकावरून फिरवत. शिंदखेड्याच्या पोरांना परदेशातल्या पाटीवर आपल्या सरांचा शब्द दिसायचा. मग ती खिडकीबाहेर बघायची. शाळेच्या मागे नदी. तीही तशीच.

'मग सर, आपली नदी पण वादी?'

'तुम्ही सांगा.'

'पण पाणी कुठं जातं, सर?'

'बाहेरगावी,' सर म्हणायचे आणि लगेच इंग्रजीत, कारण माध्यम इंग्रजी, 'आउट ऑफ स्टेशन!'

मुलं खदाखदा हसायची. दरवर्षी त्याच जागी. पार्टिशनमुळे मला ते हसणं पाठ झालं होतं.

ही गोष्ट चार-पाच वर्षांपूर्वीच्या वार्षिक परीक्षेची. तेव्हा परीक्षा विभाग माझ्याकडे होता. आमची पद्धत अशी की तपासणारा लाल शाईनं गुण देतो आणि परीक्षा विभाग काही गठ्ठे पुन्हा बघून हिरव्या शाईनं दुरुस्ती करतो. प्रश्नपत्रिका आजूबाजूच्या शाळांची मिळून एकच निघते आणि तिच्याबरोबर नमुना उत्तरं येतात. मी नमुना उत्तराप्रमाणे चालते. कुणी म्हणेल कडक. पण चाळीस मुलांना चाळीस मापं लावली तर मग परीक्षा घ्यायचीच कशाला?

नववीच्या भूगोलात दोन गुणांचा प्रश्न आला होता. वादी म्हणजे काय ते सांगून एक उदाहरण द्या. एक गुण अर्थाला, एक उदाहरणाला. मी पहिली उत्तरपत्रिका उघडली. लिहिलं होतं, 'वादी इज अ रिव्हर हूज वॉटर हॅज गॉन आउट ऑफ स्टेशन.' खाली सरांचे लाल दोन गुण.

मी दुसरी उघडली. आउट ऑफ स्टेशन. तिसरी, तेच. वर्गात अडतीस मुलं, अडतिसांचंही पाणी बाहेरगावी, आणि अडतिसांना दोनपैकी दोन. उदाहरणात बहुतेकांनी शाळेमागची नदी लिहिली होती. एका मुलानं लिहिलं होतं, 'एक्झाम्पल: माय फादर. ही इज इन सुरत.' त्यालाही सरांनी गुण दिला होता आणि बाजूला बारीक अक्षरात विचारलं होतं, 'पावसाळ्यात येतात का?'

मी गठ्ठा उचलून स्टाफरूममध्ये गेले.

'सर, हे काय आहे?'

'उत्तरं.'

'विनोद आहे हा. तुमचा विनोद अडतीस पोरांनी लिहून काढलाय. आणि उदाहरण अरबस्तानातलं हवं. आपण काय वाळवंटात राहतो?'

'प्रश्नात वाळवंट कुठं म्हटलंय, मॅडम? उदाहरण द्या म्हटलंय. मुलांनी शाळेच्या उत्तरेला बोट दाखवलं.'

प्रश्न मी पुन्हा वाचला. वाळवंट खरंच नव्हतं. उदाहरणाचा गुण मी तसाच ठेवला; फक्त सुरतेच्या वडिलांचा कापला. पण अर्थाचा एक गुण सगळ्यांचा कापला. 'पावसाळ्याव्यतिरिक्त कोरडं असणारं पात्र' हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. सदतीस जणांना काही फरक पडला नाही. एकीला पडला.

ती मुलगी नदीकाठच्या वस्तीवरून यायची. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. सामाजिक शास्त्रांत तिचे बरोबर पस्तीस होत होते. माझ्या हिरव्या शाईनं चौतीस झाले. एक गुण ग्रेस देता आला असता, पण तिचे ग्रेसचे सगळे गुण आधीच संपले होते. कुठं? माझ्या गणितात.

दुसऱ्या दिवशी गाडीत सर म्हणाले, 'मॅडम, ती मुलगी नापास होते.'

'मला माहीत आहे. बेरीज मीच केली.'

'तिच्या मोठ्या काकांनी घरी सांगून ठेवलंय. इंग्रजी शाळा झेपत नाही असं दिसलं तर नाव काढायचं. नववी नापास म्हणजे शाळा संपली. दोन बहिणींचं तसंच झालं.'

'सर, घरची परिस्थिती बघून गुण द्यायचे तर मग सगळ्यांच्याच घरी जाऊ या.'

'मी परिस्थिती बघा म्हणत नाही,' सर म्हणाले. त्या दिवशी ऊन आमच्या अंगावर येऊनही ते जागचे हलले नव्हते, हे मला नंतर आठवलं. 'मी नदी बघा म्हणतोय. माझं वाक्य बरोबर आहे की नाही ते तिथं उभं राहून सांगा. चूक वाटलं तर पुन्हा बोलणार नाही.'

'निकाल परवा लागायचाय.'

'म्हणून तर आज.'

अशा रीतीनं एप्रिलच्या दुपारी बारा वाजता, गणित शिकवणारी आणि परीक्षा विभाग सांभाळणारी मी, डोक्यावर ओढणी घेऊन नदीत उतरले. सर पुढं, काळी छत्री उघडून. त्या छत्रीवर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं चार दिशा लिहिल्या होत्या आणि ती ते चालताना सतत फिरवत होते, म्हणजे उत्तर उत्तरेला राहावं. त्यामुळे सावली एकदा माझ्यावर, एकदा नुसत्या वाळूवर.

मी नदीत कधी चालले नव्हते. आमच्याकडे नदी बघायची असते किंवा तिच्यावरून जायचं असतं. इथं पात्रात रस्ता होता, मोटरसायकलच्या खुणा होत्या, दोन शेळ्या होत्या. पुढं वळणावर तर चक्क शेती होती. वाळूत खड्डे करून, त्यात शेणखत घालून काकड्यांचे आणि टरबुजांचे वेल लावलेले. पाणी ओसरलं की वस्तीवरची कुटुंबं आपापला तुकडा आखून घेतात आणि पावसाच्या आधी सगळं काढून मोकळी होतात. सर मला हे सगळं सांगत होते, हात सगळ्या दिशांना नेत.

'बघा. पात्र आहे, काठ आहेत, नाव आहे, वळण आहे. नदीचं सगळं जागच्या जागी. घराला कुलूप नाही की काही नाही. फक्त पाणी बाहेरगावी. मग आउट ऑफ स्टेशन म्हटलं तर चुकलं कुठं?'

ऊन असं होतं की मी कशालाही हो म्हटलं असतं. खरं सांगायचं तर मी म्हणणारही होते.

तेवढ्यात वेलांच्या मधून ती मुलगी उठून उभी राहिली. हातात जर्मनचं भांडं. आम्हाला दोघांना तिथं बघून तिचा चेहरा पडला. शिक्षक घरी आले म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. तिची आई पलीकडून पदर सावरत आली. 'बठा ना मॅडम, काकडी खाई ल्या,' म्हणाली आणि कशासाठी आलात हे न विचारता काकड्या तोडायला लागली.

'भूगोलासाठी आलोय,' सर म्हणाले. 'मॅडमना नदी दाखवतोय. तू सांग मॅडमना, पाणी कुठं गेलंय?'

सगळ्या वर्गानं एका आवाजात द्यावं असं ते उत्तर. मुलगी एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

'सांग ना,' सर म्हणाले.

'सर, पानी कोठेच गये नई,' ती खाली बघून म्हणाली. मग घाईनं शाळेतल्या मराठीत, 'म्हणजे, गेलं नाही, सर. इथंच आहे.'

'कुठं?'

ती गुडघ्यांवर बसली आणि हातानं वाळू उपसायला लागली. वरची वाळू पांढरी, भाजणारी. मग तांबूस. मग काळसर, थंड. तिचा हात कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला. मग ती थांबली आणि मागं सरकली. खड्ड्याच्या तळाशी वाळू चमकायला लागली, आणि आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू पाणी जमा झालं. आधी चहाच्या बशीएवढं, मग वाटीएवढं. तिनं पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं, थोडं थांबली, मग जर्मनच्या भांड्यात नितळ पाणी घेऊन माझ्यापुढं धरलं.

'रोज काढतो, मॅडम. वेलांना घालायला. या झिऱ्याचं गोड आहे, पलीकडचं मचूळ.'

मी पाणी प्यायले. थंड होतं. सरांकडे बघितलं. छत्री खाली गेलेली, दिशा सगळ्या वाळूत.

'सर?'

'चूक,' सर म्हणाले.

'काय चूक?'

'माझं वाक्य. पाणी कुठं गेलेलं नाही. खाली उतरून बसलंय.' मग एकदम माझ्याकडे वळून, 'मॅडम, तुम्ही कापलेला गुण बरोबर आहे. अडतिसांचाही. कापलेलाच ठेवा.'

मला आधी वाटलं ऊन लागलं. 'सर, तुम्ही मला भर दुपारी एवढं चालवत आणलंत ते तुमचं उत्तर चूक आहे हे दाखवायला?'

'आणताना मला कुठं माहीत होतं?'

'वाळूखाली पाणी असतं हे भूगोलाच्या शिक्षकाला माहीत नव्हतं?'

सरांनी छत्रीवरची वाळू झटकली. 'माहीत आहे हो. भूजल मी आठवीला शिकवतो. नववीला शिकवताना सोडून देत आलो. वाक्य फार छान जमलं होतं ना. मुलं हसायची.'

मुलगी आमच्या दोघांकडे बघत होती. तिला एवढंच कळत होतं की तिच्या बोलण्यामुळे सर हरले आहेत आणि आता काहीतरी वाईट होणार. आईनं सहा काकड्या माझ्या ओढणीत घातल्या.

परतताना मी चिडले होते आणि सर पुढं चालत नव्हते, मागं रेंगाळत होते. मी म्हटलं, 'तिच्यापुरता तरी विचार करा. तिला खरं काय ते माहीत आहे. तिनं आत्ता दाखवलं.'

'दाखवलं. पण पेपरात काय लिहिलं? माझंच. पेपरात जे लिहिलं त्यालाच गुण, हे तुम्हीच म्हणता. दया करून पास केलं तर ती पास झाली असं होणार नाही.'

माझंच बोलणं, माझ्याच तोंडावर. काल मी कापणारी आणि ते भांडणारे; आज ते कापा म्हणत होते आणि मी वाट शोधत होते. उन्हात मला ते जास्तच लागलं.

शाळेत आल्यावर मी काकड्या टेबलावर ठेवल्या आणि कपाटातून गठ्ठा काढला. तिची उत्तरपत्रिका शोधली. का काढली हे मला नक्की सांगता येणार नाही. बेरजेत कुठं एक गुण सुटलाय का ते बघावं, असं काहीतरी मनात असेल. बेरीज बरोबर होती. माझी असतेच. मग मी तो प्रश्न उघडला. पहिली ओळ, आउट ऑफ स्टेशन. दुसरी ओळ, उदाहरण, आमची नदी. तिथं काल मी हिरवा शून्य आणि एक टाकून पुढची उत्तरपत्रिका घेतली होती.

पान उलटलंच नव्हतं, आणि तिचं उत्तर पानाच्या तळाशी संपलेलं नव्हतं. मागच्या बाजूला, सगळ्यात वर, एक ओळ होती. 'बट इफ यू डिग वन हॅन्ड, वॉटर इज अॅट होम. ओन्ली अप्पर सँड इज ड्राय टिल रेन.'

मी ती दोनदा वाचली. कोरडं पात्र. पाऊस येईपर्यंत. नमुना उत्तरातलं सगळं त्यात होतं, आणि नमुना उत्तरात नसलेलंही.

'सर, इकडं या.'

सर आले. ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. त्या ओळीला त्यांच्या लाल शाईची खूण नव्हती. माझ्या हिरव्या शाईचीही नव्हती.

'तुम्ही वाचली नव्हती?' मी विचारलं.

'आउट ऑफ स्टेशन दिसलं की मी दोन देत होतो. तुम्ही?'

'आउट ऑफ स्टेशन दिसलं की मी कापत होते.'

पीटीचे सर कोपऱ्यात काकडी सोलत होते. 'म्हणजे पोरगी दोघांच्याही पुढं,' ते म्हणाले. 'मीठ कुठंय?'

'कपाटाच्या ईशान्येला,' सर ओळीवरची नजर न काढता म्हणाले.

मी त्या ओळीखाली हिरव्या शाईनं एक लिहिला, वरचा शून्य खोडला, सही केली. मग गठ्ठ्यातल्या उरलेल्या सदतीस उत्तरपत्रिका पुन्हा उघडल्या आणि प्रत्येकीचं पान उलटून बघितलं. संध्याकाळची गाडी चुकली. दुसऱ्या कुणी काही लिहिलेलं नव्हतं, पण बघायला हवं होतं. सुरतेच्या वडिलांच्या मुलाला मात्र काही देता आलं नाही. तो एरवीही पास होता.

निकालाच्या दिवशी ती काकांबरोबर आली. काका पांढऱ्या शर्टातले, उंच, कमी बोलणारे. निकालपत्रक त्यांनी डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. 'पस्तीस,' म्हणाले.

'पस्तीसला पास असतं,' मी म्हटलं. 'ग्रेस नाही. तिचे स्वतःचे आहेत. उत्तरपत्रिका बघायची तर काढून देते.'

'काठावरच ना, मॅडम.'

'काका, तिच्या एका ओळीसाठी आम्ही दोन शिक्षक दुपारी नदीत जाऊन आलो,' सर म्हणाले. 'पंच्याऐंशी मिळवणाऱ्यांसाठी आम्ही वर्गाच्या बाहेरही जात नाही.'

काकांना ते नीट कळलं नसावं. पण दोन शिक्षक नदीत उतरले, एवढं कळलं. त्यांनी निकालपत्रकाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि जरा वेळानं विचारलं, 'दहावीची पुस्तकं शाळेतच मिळतील का बाहेरून घ्यायची?'

'शाळेतच,' मी म्हटलं. माझा आवाज एकदम कामाचा झाला होता.

काका पुस्तकांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मुलगी मागं थांबली. मला म्हणाली, 'मॅडम, मागच्या पानावरची ओळ वाचली का?'

'वाचली. उशिरा वाचली. माझी चूक झाली.'

तिनं सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

'सरांनी?'

'मीही उशिराच,' सर म्हणाले. 'पण मला एक सांग. तुला माझं वाक्य चूक आहे हे माहीत होतं, तर आधी तेच का लिहिलंस?'

'तुमचं नाही लिहिलं तर गुण कापाल वाटलं.'

सरांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. मग म्हणाले, 'दहावीला पहिल्या बाकावर बसायचं. मी काही छान बोललो आणि वर्ग हसला, की तू उठून उभं राहायचं आणि खरं काय ते सांगायचं. गुण मी कापणार नाही. मॅडमही नाही.'

'रोज?'

'मी रोज छान बोलतो का?'

'हो, सर,' ती म्हणाली.

'मग रोज.'

जूनमध्ये शाळा सुरू झाली. दहावीचा वर्ग त्या वर्षी माझ्या शेजारी आला, मधे तेच पत्र्याचं पार्टिशन. पहिल्या आठवड्यात ती काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात पलीकडून सरांचा आवाज आला, मग सगळ्या वर्गाचं हसणं, आणि हसणं ओसरताना बाक सरकल्याचा आवाज. मी फळ्यावर अर्धवट समीकरण तसंच ठेवून थांबले.

'पण सर,' एक बारीक आवाज म्हणाला, 'तसं नाही.'

'सांग,' सर म्हणाले. 'मोठ्यानं सांग. शेजारी मॅडमना ऐकू गेलं पाहिजे.'